भावाला स्टेम सेल दिल्या, त्याची हकीकत

मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, "सख्खी भावंडं किती?" मी म्हटलं, आम्ही दोघी बहिणी आणि हा. "मग दोघींचं रक्त तपासायला लागेल." त्या रात्री कोकण रेल्वेने परत येताना दात्याचं नेमकं काय काय होतं ते मी मोबाइलवर शोधत बसले. मराठीत जे मिळालं त्यात एक तर चमत्कार होते, नाही तर भीती. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. मधे मधे मास्तरकी होईल, ती सोसून घ्या.

भाऊ धाकटा, तेव्हा ३१ वर्षांचा. देवगड तालुक्यात आमच्या गावी कलमांची बाग तोच बघतो. जानेवारीत हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ताप उतरेना, मग पिंढऱ्यांवर बारीक लाल ठिपके. प्लेटलेट ११ हजार निघाल्या तेव्हा लॅबवाल्याने रिपोर्ट हातात न देता फोन करून बोलावून घेतलं. मुंबईत निदान झालं एएमएल, म्हणजे रक्ताचा कर्करोग. पहिल्या केमोने फेब्रुवारीअखेर आजार आटोक्यात आला, पण त्याच्या प्रकारात तो उलटायची शक्यता जास्त, म्हणून बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं ठरलं. मॅरो म्हणजे हाडांच्या पोकळीतला मगज, आणि स्टेम सेल म्हणजे त्यातल्या मूळ पेशी, ज्यांपासून सगळं रक्त तयार होतं. रुग्णाचा बिघडलेला मॅरो संपवून दात्याच्या स्टेम सेल द्यायच्या, हेच ते ट्रान्सप्लांट.

पहिली तपासणी एचएलएची, म्हणजे शरीर आपलं-परकं ज्यांवरून ओळखतं त्या पेशींवरच्या खुणांची. आईकडून एक संच आणि वडिलांकडून एक, त्यामुळे सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. माणशी साडेआठ हजार रुपये, आणि रिपोर्टला १७ दिवस. त्या दिवसांत मी वर्गात आनुवंशिकतेचे चौकोन काढायचे आणि मनात आमची नावं भरायचे. २४ मार्चला रिपोर्ट आला. चिपळूणची अक्का अर्धी जुळली, मी दहापैकी दहा. अक्का फोनवर खूप रडली. ऐकताना आपली निवड नाही झाली म्हणून तिला सुटल्यासारखं वाटलं आणि मग त्याचीच लाज वाटली, हे तिने मला सहा महिन्यांनी सांगितलं. तुमच्या घरात असं झालं तर जो जुळला नाही त्याच्याशीही बोला.

आता खरा घोळ. मी बी पॉझिटिव्ह आणि भाऊ ओ पॉझिटिव्ह. अर्ध्या गावाने सांगितलं की रक्तगटच वेगळा, मग हे जमायचं कसं? जमतं. स्टेम सेल देण्यासाठी एचएलए जुळावं लागतं, रक्तगट जुळलाच पाहिजे असं नाही. हे समजून घ्यायचं तर साखरेकडे यावं लागतं.

आपल्या चिऱ्याच्या गडग्यावर पावसाळ्यात शेवाळ कसं धरतं? तसं प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या लहानमोठ्या साखळ्यांचं दाट आवरण असतं. चहातली साखर नव्हे, पेशी स्वतःच बनवते ती. (माझ्या आत्तेने हे ऐकून मला महिनाभर बिनसाखरेचा चहा दिला.) रक्तगट म्हणजे तांबड्या पेशीवरच्या अशाच एका साखळीचं टोक. टोकाला फ्यूकोज नावाची साखर बसली की त्याला एच म्हणतात, आणि ओ गटाची माणसं तिथेच थांबतात. त्यावर आणखी एक गॅलॅक्टोज लागलं की बी गट. गॅलॅक्टोजऐवजी त्याची थोडी बदललेली बहीण, एन-असिटिल गॅलॅक्टोजअमाइन, लागली की ए गट. म्हणजे माझ्या आणि भावाच्या रक्तगटात फरक एका गॅलॅक्टोजचा, आणि गॅलॅक्टोज ही तर दुधातल्या साखरेची अर्धी बाजू. बॉम्बे ब्लड ग्रुपवाल्यांना मुळातलं एचच नसतं, म्हणून त्यांना ओची बाटलीही चालत नाही. तो गट भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधून १९५२ मध्ये जगापुढे मांडला. हे मी दरवर्षी शिकवते. पण घरात रिपोर्ट समोर पडल्यावर कळलं की आपण फक्त पाठ म्हणत होतो.

डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूचंही सांगितलं. भावाच्या रक्तात बीच्या विरुद्धचे अँटिबॉडी तयारच आहेत, त्यामुळे नव्या तांबड्या पेशी उशिरा दिसतील आणि तोवर रक्त चढवावं लागेल. मात्र यंत्राने काढलेल्या स्टेम सेलच्या पिशवीत तांबड्या पेशी कमीच असतात, म्हणून ती द्यायला फारशी अडचण नाही.

एप्रिल आणि मे कागदांत गेले. हॉस्पिटलचं अंदाजपत्रक १४ लाखांचं. आंब्याचा सीझन ऐन भरात, आणि बाग बघणारा माणूस केमोच्या पुढच्या फेऱ्यांसाठी मुंबईत. बाग त्या वर्षी खंडाने दिली, घासाघीस न करता. मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या यादीत बोन मॅरो ट्रान्सप्लांट आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, हॉस्पिटलचं सहीशिक्क्याचं अंदाजपत्रक, रिपोर्ट आणि रुग्णाचा जिओ टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो लागला. पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधीलाही अर्ज केला. दोन्हीकडून मिळून पावणेचार लाख आले, थेट हॉस्पिटलच्या खात्यात. बाकीचे खंडाचे पैसे, सोसायटीचं कर्ज, माझ्या दोन पाटल्या आणि नातेवाईक. शेवटी बिल १६ लाख ८० हजारांवर गेलं, कारण संसर्ग झाला. अंदाजपत्रकावर दोन-तीन लाख चढतील असं धरूनच चाला.

माझ्याकडून झालेली चूक सांगते, ती तुम्ही करू नका. दाता आणि रुग्ण सख्खे आहेत हे कागदावर दाखवावं लागतं. माझ्या आधारवर सासरचं नाव, भावाच्या आधारवर वडिलांचं, आणि माहेरच्या रेशनकार्डावरून माझं नाव लग्नानंतर कमी केलेलं. मुंबईत काउंटरवर बसलेल्या बाईंनी दोन्ही आधार शेजारी ठेवले आणि शांतपणे विचारलं, "यात बहीण कुठे दिसते?" एवढं एचएलए जुळलं आणि नाव जुळेना. शेवटी शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि नोटरीचं प्रतिज्ञापत्र असं एकत्र जोडलं. दाखला आणायला गावी एक फेरी, त्यात चार दिवस गेले. विवाहित बहिणींनी हे तीन कागद पहिल्याच दिवशी पिशवीत टाकावेत, तीन-तीन झेरॉक्सांसह.

१५ मेला माझी तपासणी. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, ईसीजी, छातीचा एक्सरे, प्रेग्नन्सी टेस्ट, आणि दोन्ही हातांच्या शिरा. शिरा बारीक असतील तर मांडीतून किंवा मानेतून नळी घालावी लागते. माझ्या कोपरातल्या शिरा पुरेशा निघाल्या, पण हिमोग्लोबिन १०.६ आलं. ट्रान्सप्लांट तीन आठवडे पुढे. मला इतकं अपराधी वाटलं की मी भावाला दोन दिवस फोनच केला नाही. वर्षानुवर्षं आपण उरलंसुरलं जेवतो, चक्कर आली की पित्त म्हणतो, आणि मग हे असं निघतं. लोहाच्या गोळ्या लिंबू-पाण्यासोबत घेतल्या, गोळी आणि चहा यांत दोन तासांचं अंतर ठेवलं. ८ जूनला १२.१.

आई या काळात फार बोलायची नाही. एकदाच चुलीसमोर बसून म्हणाली, "गो बाय, तुझ्या अंगातला सगळा काढतले, मगे तुझ्यात काय उरतला?" तिला सांगितलं की जे काढतात ते अंगात परत तयार होतं, कण्याला हातही लावत नाहीत. तिने मान हलवली. पटलं नव्हतं.

१० जूनला रात्रीची कोकणकन्या कणकवलीहून. नेमकी त्याच दिवशी पावसाळी वेळापत्रकाची सुरुवात, आणि मी जुनी वेळ धरून चालले होते. शेजाऱ्याने आठवण केली म्हणून गाडी मिळाली. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ होतं. घरून निघताना समुद्राचा आवाज पार वरच्या आळीपर्यंत येत होता.

१२ जूनला भाऊ दाखल झाला, आणि त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. म्हणाले, "उद्यापासून त्याला जी औषधं देणार त्यांनी त्याचा स्वतःचा मॅरो संपेल. त्यानंतर तुमच्या पेशी आल्या नाहीत तर तो जगणार नाही. मागे फिरायचं असेल तर ते आज." असं कुणी इतकं सरळ बोलेल असं वाटलं नव्हतं. मी सही केली आणि खाली येऊन वडापाव खाल्ला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. पुढचे आठ दिवस मी रस्ता ओलांडतानाही दोन्हीकडे तीन-तीनदा बघत होते.

१६ जूनपासून इंजेक्शनं. औषधाचं नाव फिलग्रास्टिम, वजनाच्या किलोमागे रोज १० मायक्रोग्रॅम. मी ६२ किलोची, म्हणून रोज ३०० च्या दोन सुया, पोटावर किंवा दंडावर. हे औषध मॅरोतल्या पेशी वाढवतं आणि त्यांना तिथे धरून ठेवणारे धागे सैल करतं, मग एरवी हाडात दडून बसणाऱ्या स्टेम सेल रक्तात उतरतात. धरून ठेवण्यातही साखरेचा हात असतो. मॅरोत एक रासायनिक खूण असते, जिच्या ओढीने स्टेम सेल तिथे राहतात. हेपरन सल्फेट नावाच्या लांब साखरसाखळ्या ती खूण पेशींच्या अंगावर पकडून ठेवतात. वाढीचे निरोप आणणारे काही रेणूही याच साखळ्या धरतात, आणि त्यांच्याशिवाय तो निरोप पेशीला नीट पोचत नाही.

दुखणं दुसऱ्या रात्री सुरू झालं. कंबर, मांड्यांची हाडं आणि छातीचं मधलं हाड. ताप येण्याआधी अंग मोडतं तसं, पण आतून, ठोक्याठोक्याने. तिसऱ्या रात्री शिंकायची भीती वाटत होती. पॅरासिटॅमॉलने बरंच कमी व्हायचं. दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. प्लीहा सुजते, म्हणून जड उचलायचं नाही, गर्दीच्या लोकलमध्ये चेंगरून घ्यायचं नाही. पांढऱ्या पेशी सात हजारांवरून ४६ हजारांवर गेल्या. तो आकडा बघून मी घाबरले, कारण भावाचे आकडे असेच चढलेले मी जानेवारीत पाहिले होते. सिस्टर म्हणाली, "तुमचे औषधाने चढलेत, आठवड्यात खाली येतील." आले.

२० जून, मंगळवार. सकाळी रक्तात सीडी ३४ मोजलं, एका मायक्रोलिटरमध्ये ३८. सीडी ३४ हे स्टेम सेलवरचं एक प्रथिन, पण नुसतं प्रथिन नव्हे, अंगभर साखरेच्या साखळ्या लेवून बसलेलं. त्याला चिकटणारी पहिली अँटिबॉडी १९८४ मध्ये अमेरिकेत कर्ट सिव्हिन यांनी मांडली, आणि आज जगभर स्टेम सेल मोजतात त्या याच खुणेवर.

नऊला यंत्राला जोडलं. एका हातातून रक्त बाहेर, गाळून दुसऱ्या हातातून आत. साडेचार तास दोन्ही कोपरं वाकवायची नाहीत. आदल्या रात्रीपासून पाणी भरपूर प्यायले होते, पण सकाळी चहाचा दुसरा कप घेतला ती चूक, कारण मध्ये उठता येत नाही. पुढून बटणं असलेला सैल शर्ट घाला. तासाभरात ओठांना मुंग्या आल्या. रक्त गोठू नये म्हणून जे सायट्रेट घालतात ते कॅल्शियम धरून ठेवतं. सांगितल्याबरोबर कॅल्शियम दिलं आणि वेग कमी केला. गप्प बसून सहन करू नका. नाक खाजलं की वहिनी खाजवायची. भावाची बायको, लग्नाला अवघी तीन वर्षं झालेली, आणि नवरा वरच्या मजल्यावर काचेआड. "डावीकडे, थोडं वर" एवढंच आमचं दिवसभराचं संभाषण.

वर टांगलेल्या पिशवीकडे मी सारखी बघत होते. रक्तासारखा रंग नाही. सोलकढीपेक्षा गडद, कोकमाच्या आगळापेक्षा फिका, हलवली की किंचित दाट. संध्याकाळी मोजणी आली. रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे ५० लाख पेशी हव्या होत्या, निघाल्या ३४ लाख. भाऊ ५८ किलोचा, म्हणजे जवळजवळ २० कोटी पेशी, आणि तरी कमी. दुसऱ्या दिवशी पुन्हा इंजेक्शन, पुन्हा यंत्र, नव्या किटचे ३२ हजार. २१ला आणखी २२ लाख. एकूण ५६. एका दिवसात नाही झालं म्हणून खट्टू होऊ नका, पण त्या दुसऱ्या किटचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.

पिशवी भावाला चढवली ती साध्या रक्तासारखी, छातीजवळच्या नळीतून, पाऊण तासात. एवढी वर्षं शिकवून मला हे कधी सुचलं नव्हतं की पेशी शिरेत सोडल्या तर त्यांना हाडाकडे कोण नेतं? उत्तर पुन्हा साखर. स्टेम सेलच्या अंगावर सीडी ४४ नावाचं प्रथिन असतं. त्याच्या साखळीच्या टोकाशी सायलिक आम्ल आणि फ्यूकोज एका ठरावीक मांडणीत बसलेले असतात. मॅरोतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला ई-सिलेक्टिन नावाचा आकडा, म्हणजे हुकासारखं प्रथिन, कायम उघडा असतो. वाहत जाणारी पेशी त्या आकड्यात अडखळते, घरंगळते, थांबते आणि भिंतीतून आत शिरते. टोकाची साखर नसेल तर पेशी पुढे वाहत जाते. नाळेच्या रक्तातल्या स्टेम सेलवर ही साखर कमी असते. अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी अशा पेशींवर मुद्दाम फ्यूकोज चढवून त्या २२ रुग्णांना दिल्या. त्यांचे पांढरे कण १७ दिवसांत आले, एरवी २६ लागायचे. हे २०१५ मध्ये छापून आलं.

मग वाट बघणं. खरं सांगायचं तर दात्याचं दुखणं चार दिवसांचं, वाट बघणं त्याच्या कितीतरी पट. मी २५ जूनला गावी परतले, पेरणी उरकलेली, कॉलेज सुरू झालेलं. रोज सकाळी अकराला वहिनीचा मेसेज यायचा, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची एकच संख्या. १००. १००. ५०. मधे ताप, जिभेवर फोड, अँटिबायोटिक बदलली. त्या दिवसांत मी ऑस्ट्रेलियातल्या २०१२ च्या एका कामाबद्दल वाचलं. उंदरांमध्ये तोच ई-सिलेक्टिनचा आकडा स्टेम सेलला नुसता थांबवत नाही, झोपेतून उठवून वाढायलाही लावतो. तो हुक काढून टाकला तर पेशी जास्त सुस्त राहतात. मी कॉमन रूममध्ये बसून मनात माझ्याच पेशींना म्हणत होते, उठा गो बायांनो. सहकाऱ्यांना वाटलं मी पेपर तपासतेय.

४ जुलैला, चौदाव्या दिवशी, ६२०. पाचशेच्या वर तीन दिवस टिकलं की पेशी रुजल्या असं धरतात. टिकलं. कलम धरलं की त्याच्या टोकाला तांबूस पालवी फुटते. भाऊ फोनवर म्हणाला, "ताये, पालवी इली." घसा सोललेला होता, नीट ऐकूही येत नव्हतं. मग विचारतो, "तुझी साखर माका मानवात मा?"

१८ जुलैला डिस्चार्ज, पण शंभर दिवस हॉस्पिटलपासून जवळ राहायचं. भाड्याची खोली महिना १८ हजार, उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं अन्न, कच्चं काही नाही. तिसाव्या दिवशीच्या तपासणीत रक्त पूर्ण दात्याचं निघालं. म्हणजे त्याच्या पांढऱ्या पेशींत आता माझे दोन एक्स. यावर अक्काने जे विनोद केले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

शंभरावा दिवस आला २८ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला. गणपतीला घरी यायचं असा त्याने जूनपासून हट्ट धरला होता, आणि आमचा गणपती त्याच्याशिवाय आला आणि गेला. व्हिडिओ कॉलवर त्याने आरती केली, टाळ्या वाजवताना हाताच्या शिरेतली सुई दिसत होती. घरी आला तो ७ ऑक्टोबरला, मास्क लावून. आईने ओवाळायला काढलेलं ताट वहिनीने आधी पुसून घेतलं.

तांबड्या पेशी खरंच रेंगाळल्या. ऑगस्टअखेरपर्यंत रक्त चढवत होते. नोव्हेंबरच्या तपासणीत गट धड ओ येईना, धड बी येईना, आणि लॅबमधल्या मुलाने नमुना बदलला असेल म्हणून पुन्हा काढला. ज्यांचं ट्रान्सप्लांट झालंय त्यांनी डिस्चार्ज कार्डाची प्रत पाकिटात ठेवावी, आणि रक्त चढवायची वेळ आली तर ती आधी दाखवावी. लायसन्सवर छापलेल्या गटावर कुणाला विसंबू देऊ नये. रक्त बदललं तरी लाळ आणि आतड्याचं अस्तर मूळ माणसाचंच राहतं, तिथली साखर अजून ओचीच.

जानेवारी २०२४ मध्ये रिपोर्टवर स्वच्छ बी पॉझिटिव्ह आलं. मी तो आईला वाचून दाखवला. आई स्वतः ओ. आमच्या वडिलांचा गट बी होता, ते जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. तिने कागद उलटासुलटा करून बघितला, पडवीत कलमांच्या फवारणीवरून गड्याशी हुज्जत घालत असलेल्या भावाकडे बघितलं आणि म्हणाली, "आता ह्येचो रागसुद्धा बापाशीसारखो होतलो काय?"